डोरिसच्या देखत डोहाळजेवण

"कुठलीही उचल गं, विचार करू नकोस," सिंधूमावशी म्हणाल्या, आणि मी विचार करायला लागले.

समोर चौरंगावर चांदीच्या दोन वाट्या पालथ्या घातल्या होत्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी हिरव्या साडीत, दंडाला शेवंतीचे बाजूबंद, केसांवर फुलांची जाळी, पाठीमागे पुठ्ठ्याचा चंद्र, अशी झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा बागेतला. माझ्या नवऱ्यानं, निरंजननं, तो गॅरेजमधून सुटा करून आणून हॉलमध्ये परत जोडला होता. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला होता. तो माझ्या मुठीत होता. खिडकीबाहेर मिनेसोटातला मार्च पांढराफटक पसरलेला.

माझं पोट सपाट होतं. त्यात कुणीही नव्हतं. जी माझी होणार होती ती अकरा महिन्यांची होती, सोलमध्ये होती, आणि तिला सांभाळणाऱ्या बाईंच्या मांडीवर बसून काढलेला तिचा फोटो आमच्या भिंतीवर होता. गोबरे गाल आणि जाब विचारणारी नजर. तेव्हा पेढा की बर्फी हा प्रश्न कधीच निकालात निघाला होता. मुलगी आहे हे कोरियन सरकारला ठाऊक होतं, अमेरिकन सरकारला ठाऊक होतं, जमलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तरी मी विचार करत होते, कारण कोपऱ्यात, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर, डोरिस बसली होती.

डोरिस दत्तक देणाऱ्या संस्थेची बाई. साठीची, राखाडी स्वेटर, मांडीवर फाइल आणि फाइलवर साखरभाताची ताटली. आमच्याबद्दलचा शेवटचा रिपोर्ट तिनं लिहायचा होता. तिनं 'योग्य' म्हटलं की कागद सोलला जाणार. तिनं 'थोडं थांबू या' म्हटलं, तर सोल थांबणार नव्हतं. त्या नजरेसाठी दुसरं घर शोधलं गेलं असतं.

डोहाळजेवणाचं खूळ मावशींचं. त्या निरंजनच्या सख्ख्या मावशी. नवऱ्यापाठोपाठ इकडं आल्या तेव्हापासून आमच्या गावातल्या सगळ्या मराठी बायकांची डोहाळजेवणं त्यांनीच केलेली.

"मावशी, पण मी गरोदर नाहीये," मी महिन्यापूर्वी त्यांना फोनवर म्हणाले होते.

"मग? मूल यायचंय ना?"

"विमानानं."

"कशानं का येईना. आईची ओटी न भरता आणायचं का त्याला?"

"आणि डोहाळे कुठले आणू?"

"तुला झोप लागत नाही, अन्न जात नाही, उठता बसता रडतेस. अजून काय वेगळं असतं गं?"

मग महिना कितवा धरायचा, यावर त्यांचा आणि वैजयंतीचा वाद झाला. वैजयंती म्हणजे समोरच्या गल्लीतली, तीन मुलींची आई. ती म्हणत होती, अर्ज केला तेव्हापासून मोजायचं. तसं मोजलं तर मी हत्तिणीच्याही पुढे गेले होते. मावशी म्हणत होत्या, फोटो आला तेव्हापासून. शेवटी दोघींनी मिळून सातवा ठरवला.

डोरिसला बोलावलं ते निरंजननं. पहिल्याच भेटीत डोरिसनं मला विचारलं होतं, "तुमच्याकडे मुलीपेक्षा मुलगा जास्त हवा असतो, असं मी वाचलंय."

"आमच्या घरात असं काही नाही," मी म्हणाले होते.

तिनं 'आमच्या घरात' एवढंच लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली. पुढच्या भेटीत विचारलं, "आणि तुमच्या माणसांत?" त्यावर निरंजन उत्साहानं म्हणाला, "तुम्ही या ना, आमची माणसं बघा." मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. पण तोवर डोरिसनं तारीख लिहून घेतली होती.

त्या दिवशी सकाळपासून मी फक्त डोरिसच्या डोळ्यांनी घर बघत होते. टेबलांच्या कोपऱ्यांना फोम चिकटवलेला. प्लगांना झाकणं. जिन्याला आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठीची फाटकं. ती फाटकं मीच आणलेली आणि मलाच उघडायची नाहीत, त्यामुळे पैठण्या नेसलेल्या बायका निऱ्या हातात धरून, एकमेकींच्या खांद्याचा आधार घेत, ती ओलांडून ये-जा करत होत्या. "तुझी मुलगी अडकेल का माहीत नाही, आम्ही मात्र अडकलो," तनुजा म्हणाली. तनुजा माझी मैत्रीण. बँकेत हिशेब तपासते. डोरिसच्या शेजारी बसून तिला काय चाललंय ते सांगायचं काम मी तिच्यावर सोपवलं होतं. ते चुकलंच.

"अगं, उचल," मावशी म्हणाल्या.

मी डावीकडची वाटी उचलली. पेढा.

हॉलमध्ये एकच गलका झाला. टाळ्या, "मुलगा, मुलगा", कुणी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, कुणी तो पेढा माझ्या तोंडात कोंबला. मीही हसले. इतकं सगळं एकदम झालं की पुठ्ठ्याचा चंद्र कलला.

गलका ओसरल्यावर डोरिसचा आवाज आला. "काय झालं?"

तनुजाला चटकन खोटं बोलता येत नाही, ते तिच्या पेशातच नाही. ती म्हणाली, "याचा अर्थ मुलगा होणार."

"पण मुलगी आहे." डोरिसनं काट्यानं भिंतीवरचा फोटो दाखवला.

"हो."

"मग सगळ्या एवढ्या खूश का झाल्या?"

तनुजानं तो प्रश्न मराठीत करून सगळ्यांना विचारला. खरं म्हणजे गरज नव्हती. जमलेल्या बायकांत दोन डॉक्टर होत्या आणि एक वकील. इंग्रजी सगळ्यांना कळलं होतं.

"सवय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"हा पुढच्या खेपेचा असेल," दुसरी मदतीला धावली. तनुजानं तेही भाषांतर करून सांगितलं.

डोरिसनं साखरभाताची ताटली खाली जमिनीवर ठेवली आणि फाइल उघडली. माझ्या तोंडात अजून पेढा होता.

"दुसरी उचल की," वैजयंती म्हणाली. "मुलगीच आहे ना, मग बर्फी दाखव तिला, विषय संपला."

"नाही, नाही. एकदाच उचलतात," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी उजवीकडच्या वाटीवर हात ठेवला.

"अहो मावशी, खेळ तर आहे."

"खेळ असला तरी रीत आहे."

मी डोरिसच्या पेनाकडे बघत होते. पेन चाललं होतं. मावशींचा हात मी त्या वाटीवरून अलगद बाजूला केला. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पायाच पडत आले होते, हात बाजूला कधी केला नव्हता. वाटी उचलली.

पेढा.

बायकांनी चौरंगाकडे बघितलं, मग मावशींकडे, मग एकमेकींकडे. डोरिस उठली, झोपाळ्याजवळ आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि शांतपणे म्हणाली, "ही खाली आहे ती आणि तुम्ही खाल्लीत ती, दोन्ही एकच मिठाई."

"हो," मी म्हणाले.

"मुलीची कुठे आहे?"

मावशींचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात स्वयंपाकघराचं फाटक खडखडलं. पुरुषांना हॉलमध्ये बंदी होती म्हणून निरंजन आत ताटं पुसत बसला होता. त्यानं फाटक उघडायचा प्रयत्न केला, उघडेना, तेव्हा तो त्यावर चढून पलीकडे उतरला. हातात फडकं तसंच.

"मी खाल्ली," तो इंग्रजीत म्हणाला.

"काय?" डोरिस म्हणाली.

"बर्फी. वाटीखालची. खाल्ली आणि तिथं पेढा ठेवला. वाटलं, कुणाला कळणार नाही."

आता इथं निरंजनच्या वजनाबद्दल सांगायला हवं. कोरियाकडून अट होती की होणारे आईबाप फार लठ्ठ नसावेत. माझा प्रश्न नव्हता, निरंजनचा होता. सहा महिने तो उकडलेली फरसबी खात होता आणि बाहेर चालता येत नाही म्हणून मॉलमध्ये म्हाताऱ्यांच्या घोळक्यात फेऱ्या मारत होता. बाथरूममधल्या काट्यावर आम्ही लाल चिकटपट्टीची रेघ मारली होती. डोरिस दर भेटीला त्याला त्या काट्यावर उभं करायची. सोमवारी डॉक्टरांकडे शेवटचं वजन व्हायचं होतं. तेव्हा त्या घटकेला आमची स्थिती अशी होती की एकतर आम्ही मुलगाच हवा म्हणणारी माणसं, नाहीतर होणारा बाप चोरून मिठाई खाणारा.

"एकच खाल्लीत?" डोरिसनं विचारलं.

तो 'हो' म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण खोटं बोलायला लागलेल्या भल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळत नाही.

"नाही. डब्यातल्या पण खाल्ल्या."

"किती?"

"मोजल्या नाहीत."

मी त्याच्याकडे बघत होते. निरंजनला बर्फी चालत नाही. लहानपणापासून नाही. त्याला त्यात दुधाच्या पावडरीचा वास येतो. लग्नाकार्यात त्याच्या पानातली बर्फी उचलून माझ्या पानात येते. तो खोटं बोलतोय हे मला कळत होतं, का बोलतोय ते कळत नव्हतं.

"काटा आणा," डोरिस म्हणाली.

काटा आला. पण आमच्या हॉलभर गालिचा, आणि गालिच्यावर काटा वजन बरोबर दाखवत नाही. तेव्हा वैजयंतीनं वाट्या उचलल्या आणि काटा चौरंगावर ठेवला. निरंजन चौरंगावर चढला. पुठ्ठ्याच्या चंद्रासमोर, मोजे घालून. भोवती पैठण्यांचं कडं.

"घड्याळ काढ," कुणीतरी सुचवलं.

त्यानं घड्याळ काढलं. खिशातल्या किल्ल्या काढल्या. स्वेटर काढला. कुर्त्याच्या गुंड्यांना हात घातला तेव्हा वैजयंती म्हणाली, "ते राहू दे हो भावजी."

काटा थरथरला. सगळ्या एकदम वाकल्या. तनुजानं चष्मा वर करून वाचलं, "रेघेच्या अलीकडे." परत टाळ्या झाल्या. डोरिस खाली वाकली, तिनं स्वतः बघितलं, मग निरंजनकडे वर बघितलं.

"डबाभर खाऊन?"

निरंजन घड्याळ परत मनगटावर बांधायला लागला.

"उतर खाली, निरू," मावशी म्हणाल्या. "पुरे झालं."

"मावशी, तू गप्प बस ना."

"गप्पच बसले होते इतकी वर्षं." त्या डोरिसकडे वळल्या. मावशी इंग्रजी बोलतात ते सांगलीच्या चालीवर, पण एक शब्द अडत नाही. "यानं काही खाल्लं नाही. बर्फी नव्हतीच. मी कधीच ठेवत नाही."

"कधीच म्हणजे?" वैजयंतीनं विचारलं.

"कधीच म्हणजे कधीच. माझं डोहाळजेवण सांगलीला झालं. हे इकडं शिकायला आलेले. मी अशीच फुलं घालून बसले होते. मी बर्फी उचलली. सासूबाई पुरणपोळी वाढत होत्या, त्यांनी ताट तिथंच ठेवलं आणि माडीवर निघून गेल्या. सगळ्यांच्या देखत. मग बाकीच्या बायका भराभर जेवल्या आणि गेल्या. माझ्या अंगावरची फुलं मीच काढली."

"मग काय झालं?" हे डोरिसनं विचारलं.

"मुलगीच झाली. ती ह्यूस्टनला आहे, लोकांचे दात काढते. सासूबाईंचेही तिनंच काढले." मावशींनी पदरानं नाक पुसलं. "तेव्हा ठरवलं, माझ्या हातानं होणाऱ्या डोहाळजेवणात कुणाचं तोंड उतरताना त्या पोरीला दिसायला नको. जे व्हायचं ते दवाखान्यात होईल. तो एक दिवस तरी नीट जाऊ दे. म्हणून दोन्हीकडं पेढा."

"म्हणजे माझ्या वेळीपण?" वैजयंती म्हणाली.

"तुझ्या तिन्ही वेळी."

"मावशी," तनुजा बारीक आवाजात म्हणाली, "त्या पेढ्यावर आम्ही खोलीला निळा रंग दिला होता."

"मग निळ्यात काय वाईट आहे?"

डोरिस खुर्चीवर जाऊन बसली. निरंजन अजून चौरंगावरच उभा होता. तिनं त्याला विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही. आत्ताच कळलं, सगळ्यांबरोबर."

"मग खोटं का बोललात? तुमचा अर्ज पणाला लागला होता."

"तिचा चेहरा दिसला मला," तो म्हणाला. "माझी मावशी आहे ती."

डोरिसनं पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं. "मला एकच सांगा. बर्फी असती, आणि आज तीच निघाली असती, तर इथं काय झालं असतं?"

ती कुणा एकीला विचारत नव्हती. मी आमच्या माणसांकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, एवढाच गलका झाला असता. पण मी अंदाज घेत होते, आणि त्याही आपापल्या मनात अंदाज घेत होत्या, आणि सगळ्या प्रामाणिक असल्यामुळे कुणीच काही बोलेना. मला वाटलं, गेलं. भिंतीवरची ती नजर आता दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर जाणार.

"बघू या," मी म्हणाले.

"काय बघू या?" मावशींनी विचारलं.

मी निरंजनला खाली उतरवलं, काटा काढला, एक वाटी घेऊन चौरंगावर पालथी घातली. खाली काहीच नव्हतं. घरात बर्फीचा तुकडा नव्हता.

"बर्फी आहे असं समजा," मी म्हणाले आणि वाटी उचलली.

टाळ्या पडल्या. सुट्या सुट्या. पत्र्यावर चार थेंब पडावेत तशा.

"हे काय?" मावशी कडाडल्या. "कुणाच्या तेराव्याला आलात काय? परत."

मी वाटी ठेवली, परत उचलली. या वेळी थोडं बरं झालं, पण परीक्षा असल्यासारखं. वकीलबाई तर मोजून टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी म्हणालं, "रिकाम्या वाटीला बघून कसं होणार?"

"पेढ्याला बघून तरी काय होत होतं?" वैजयंती एकदम म्हणाली. ती पुढे आली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज चढला होता. "माझ्या तीन आहेत. तिघींसाठी मी पेढा खाऊन बसले. बाजूला व्हा, मी करते सुरुवात. उचल गं."

मी तिसऱ्यांदा वाटी उचलली. वैजयंतीनं जी आरोळी ठोकली ती पैठणीतल्या बाईची नव्हती, कबड्डीच्या मैदानातली होती. मग सगळ्याच सुटल्या. "मुलगी, मुलगी." कुणी मला झोपाळ्यावर ढकलून झोका दिला, मी मुठीतला स्क्रू घट्ट धरला. तनुजा नाचायला लागली. दोन्ही डॉक्टर फुगडी घालताना फोम लावलेल्या टेबलावर आदळल्या आणि त्यांना काही झालं नाही. आवाज इतका झाला की शेजारचे म्हातारे गृहस्थ दार वाजवून, सगळं ठीक आहे ना, विचारून गेले. डोरिसही टाळ्या वाजवत होती. तालात नव्हती.

निघताना ती दाराशी बूट चढवत बसली. मी तिचा कोट धरून उभी.

"तुमच्या माणसांबद्दल लिहायला तिथं दोनच ओळींची जागा आहे," ती म्हणाली. "मला वेगळा कागद जोडावा लागेल."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"म्हणजे लांब," डोरिस म्हणाली. मग कोटात हात घालताना थांबली. "त्या लहान मुलीला इथं कंटाळा येईल असं मला वाटत नाही. सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवायला विसरू नका."

रिपोर्ट त्याच आठवड्यात सोलला गेला. मे महिन्यात आम्ही तिला घेऊन आलो. आता ती दुसरीत आहे आणि तिला भात सोडून काहीही आवडत नाही. पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचं.

सगळ्या गेल्या. निरंजन झोपाळा सोडवत होता. मावशी सिंकपाशी चांदीच्या वाट्या पुसत होत्या, मी शेजारी उभी राहून उरलेला भात डब्यात भरत होते. मग मी विचारलंच.

"मावशी, बाकीच्यांचं कळलं मला. त्यांच्या पोटात काय आहे ते कुणाला माहीत नव्हतं. पण माझं तर सगळ्यांना माहीत होतं. फोटो भिंतीवर होता. माझ्या वाटीखाली बर्फी ठेवली असती तर कुणाचं तोंड उतरायचा प्रश्नच नव्हता. मग का ठेवले दोन्हीकडं पेढे?"

मावशींचा हात थांबला. त्या खरोखरच विचार करत होत्या. मला वाटलं, रागावल्या.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "लक्षातच आलं नाही."

"काय?"

"तुझं काही वेगळं आहे ते."

त्यांनी वाट्या मऊ फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्या हातातला भाताचा डावच काढून घेतला.

"ठेव ते. मी करते. सकाळपासून उभी आहेस, या दिवसांत बरं नव्हे. जा, पाय वर घेऊन बस जरा."

मी जाऊन पाय वर घेऊन बसले.